ऑस्टिन मॉरनचं मरण

पोरीची सोयरीक ठरवायची तर आयर्लंडातल्या मेयोत दोन्ही घरांच्या पिढ्या चारचौघांत मोठ्यानं म्हणून घ्यायच्या. त्यासाठी फेस्टस गॉहनला बोलवायचं. म्हाताऱ्याला सकाळी काय खाल्लं ते आठवत नसे, पण कुणाचा पणजोबा कुठं फासावर गेला ते विचारा, धडाधड सांगेल. असली माणसं गावाला हवीही असतात आणि नकोही.

१९३१ सालच्या एका रविवारी प्रार्थनेनंतर तो विधवा डेलिया कॉनव्हेच्या चुलीपाशी बसला होता. समोर रुआन मंडळी, तिच्या सॅबिनाला मागणी घालायला आलेली. डेलिया चहा ओतत होती.

तिला भीती होती ती आईच्या वडिलांच्या नावाची. मोठ्या दुष्काळात ऑस्टिन मॉरननं कॅथलिक धर्म सोडून प्रोटेस्टंट मिशनचं सूप घरी आणलं. डेलियाची आई तेव्हा चार वर्षांची, ती त्या सुपावर जगली. आता ऐंशी वर्षं होऊन गेली, तरी सूप पिणाऱ्याच्या घरातली पोरगी कोण करून घेतं? मुलाची आई ऑनर रुआन तर असल्या घरचं पाणीही प्यायची नाही. गोष्ट डोंगरापलीकडच्या गावची, इथं ती डेलियाला आणि फेस्टसलाच ठाऊक. आणि सॅबिनाचा जीव तर ऑनरच्या मुलात अडकलेला.

फेस्टसनं रुआनांच्या पिढ्या उरकल्या आणि कॉनव्हेही संपवले. मग आईकडची बाजू आली आणि तो थांबला. पाइप झटकत त्यानं डेलियाकडे पाहिलं.

"ऑस्टिन मॉरन," तो म्हणाला. "अठराशे सत्तेचाळीस साली रस्त्याकडेला उपाशी मेला. तोंडात गवत होतं, पण धर्म नाही सोडला."

सगळ्यांनी क्रूसाची खूण केली. डेलियाच्या जिवात जीव आला, आणि लगेच तिला स्वतःचीच किळस आली. त्याच आजोबांच्या मांडीवर ती बसली होती. गरम बटाटा सोलून, फुंकून भरवायचे. लोक अंगावर थुंकायचे तरी चाळीस वर्षं माणसानं तोंडातून ब्र काढला नाही. आज त्यांना तिच्याच घरात मारून टाकलं, आणि तीही सगळ्यांबरोबर "आमेन" म्हणाली.

ऑनरनं डोळे पुसत तिचा हात धरला. "विहीणबाई, असलं रक्त आमच्या घरात येतंय, भाग्यच म्हणायचं. कुठं पुरलंय त्यांना?"

"डोंगरापलीकडे, दुष्काळात मेलेल्यांच्या खड्ड्यात," डेलिया कशीबशी म्हणाली. "तेव्हा कोण कुणाला नीट पुरत होतं?"

"खड्डा तर खड्डा. पुढच्या रविवारी पोरांना घेऊन जाऊ, गुडघे टेकू."

नाही कसं म्हणणार? डेलियानं मान हलवली. त्या खड्ड्याची वाट प्रोटेस्टंट चर्चच्या आवारातून जाते. वाटेलगतच आजोबांच्या थडग्याची शिळा आहे, पूर्ण नाव आणि १८८६ साल कोरलेली. गेल्या उन्हाळ्यात डेलियानंच गुपचूप जाऊन तिच्यावरचं शेवाळ घासून काढलं होतं, नाव नीट वाचता यावं म्हणून.