अप्पांनी जाहीर केलेलं बाथरूम

आमच्या घरात माणसं पाच होती, बाथरूम एक होतं, आणि त्या बाथरूममध्ये माझे सासरे होते.

अप्पांचा यात फारसा दोष नव्हता. त्यांचं उभं आयुष्य गिरगावातल्या चाळीत गेलं होतं. तिथे मजल्याच्या टोकाला नंबर लावायचा, आणि आत गेलं की बाहेरच्यांनी दार बडवत राहायचं. निवृत्तीनंतर आम्ही मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कच्या मागे फ्लॅट घेतला आणि अप्पांना जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या मालकीची कडी मिळाली. राहायला आलो त्याच दिवशी त्यांनी ती आतून लावली. तेव्हापासून ते जेवायला आणि बातम्यांना बाहेर यायचे. बिल्डरने फ्लॅटला 'टू बीएचके' म्हटलं होतं. (दुसऱ्या बेडरूममध्ये एकतर पलंग मावायचा किंवा माणूस. तिथे माझा दीर मंगेश राहायचा, म्हणजे पलंगावरच राहायचा.)

तर मंगेशचं लग्न ठरत होतं. मुलगी अलिबागची, रूपाली. दोघांची पसंती झालेली होती, फक्त तिचे आईवडील एकदा घर बघून जाणार होते. आता अलिबागहून मीरा रोडपर्यंत एसटी, रिक्षा करत आलेल्या बाईला घरात पाऊल टाकल्यावर जे विचारायचं असतं, ते रूपालीच्या आईने सासूबाईंच्या कानात विचारलं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी बाथरूमच्या दाराकडे बघितलं. आतून पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला.

पोहे झाले. चहा झाला. रूपालीच्या वडिलांनी गॅलरीत उभं राहून हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीतल्या एकेका गाळ्यात काय बनतं याची चौकशी केली. सासूबाईंनी दोनदा दारावर टिचकी मारली.

"अहो, पाहुणे आलेत."

"बसव त्यांना," आतून अप्पा म्हणाले.

शेवटी रूपालीच्या आईने अगदी बारीक आवाजात मला विचारलं, "एकच आहे का हो?"

नेमके त्याच वेळी अप्पा टॉवेलला हात पुसत बाहेर आले. "एकच? छे छे. दुसऱ्याचं काम पुढच्या महिन्यात सुरू करतोय."

घरातल्या बाकी चौघांनी ही बातमी पाहुण्यांच्या बरोबरीनेच ऐकली.

"हो का? बरं झालं," रूपालीची आई घाईघाईने म्हणाली. "मग काम उरकलं की कळवा, तेव्हा बसून बोलू सगळं." आणि ती आत गेली.

पाहुणे गेल्यावर सासूबाईंनी अर्थ लावला. "ऐकलंत ना? काम उरकलं की कळवा. म्हणजे दुसरं बाथरूम नाही, तर मुलगी नाही."

"मी वेळ मारून नेली," अप्पा म्हणाले.

"वेळ नाही, माझं लग्न मारलंत," मंगेश म्हणाला आणि खोलीत, म्हणजे पलंगावर निघून गेला.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण शाळेत माझी चित्रकला चांगली होती. शिवाय माझा नवरा नितीन म्हणाला, "एखाद्या माहितगार माणसाकडून नकाशा काढून घेऊ," आणि हे वाक्य मला उगाचच लागलं. एका रविवारी मी आलेखाचा कागद, पट्टी आणि खोडरबर घेऊन बसले, आणि जेवणाच्या आत स्वयंपाकघराच्या मागच्या बाल्कनीत एक सुबक बाथरूम काढून दाखवलं. कमोडला निळा रंगसुद्धा दिला.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे जयंतीभाई वर आले. कापडाचे व्यापारी, अतिशय सभ्य गृहस्थ. शेजारशेजारचे दोन फ्लॅट घेऊन त्यांनी एक केला होता. नकाशा अजून वाळला नव्हता, पण बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"भाभी, एक रिक्वेस्ट है. आपकी बालकनी के बराबर नीचे हमारा मंदिर है."

"अच्छा," मी म्हणाले.

"मतलब ऊपर आपका... वो... और नीचे हमारे भगवान."

मी खोडरबर उचललं आणि बाथरूम आमच्या बेडरूमच्या कोपऱ्यात नेलं.

या खेपेला मी कागदावर विश्वास ठेवला नाही. जमिनीवर खडूने भिंती आखल्या, दार आखलं, कमोडच्या जागी प्लास्टिकचं स्टूल ठेवलं आणि सगळ्यांना वापरून बघायला बोलावलं. सासूबाई सरळ आत चालत आल्या.

"आई, तिथे भिंत आहे. दारातून या."

"अगं, दारात तुझा पलंग आहे."

तो होता. नितीनने पप्पू मिस्त्रीला बोलावून आणलं. पप्पूने भिंतीवर बोटं वाजवली, डॉक्टरसारखा कान लावला आणि म्हणाला, "हो जाएगा भाभी. बस पाइप को ढाल चाहिए. फर्श डेढ़-दो फुट ऊपर लेना पड़ेगा."

"मग वरच्या पोटमाळ्याचं काय?" नितीनने विचारलं.

"साहब को थोड़ा झुकना पड़ेगा."

"कायमचं?"

"आदत हो जाएगी," पप्पू म्हणाला.

आमची ही चर्चा चालू असताना अप्पा पेपर घेऊन आले, पलंग ओलांडून बरोबर दारातून आत शिरले आणि खडूच्या चौकोनात स्टुलावर बसले. ट्रायल चांगली झाली असावी, कारण जेवायला हाक मारली तरी ते उठेनात. "येतो, येतो," ते म्हणाले. आम्ही जेवून घेतलं.

तिसरा नकाशा माझ्या प्रतिभेचा कळस होता. नवीन बाथरूम बांधायचंच कशाला? आहे त्या बाथरूममध्ये मधोमध भिंत घालायची. एकीकडे संडास, दुसरीकडे न्हाणीघर. एकाची दोन दारं. देवाला धक्का नाही, नवऱ्याला वाकायला नको. घरातल्या सगळ्यांना पटलं. पप्पू म्हणाला, "हो जाएगा."

सोमवारी सकाळी पप्पूने बाथरूमची लादी फोडली. दुपारी त्याला कळलं की आतला पाइप आम्हाला वाटत होता तसा जात नव्हता. हे त्याला पाइपमधूनच कळलं. आणि थोड्याच वेळात जयंतीभाईंच्या नव्याकोऱ्या पीओपीच्या छतामधून त्यांनाही कळलं.

सेक्रेटरी धावत आले. "परवानगी कुठे आहे?"

"नकाशा आहे," मी म्हणाले आणि दाखवला.

त्यांनी तो बराच वेळ बघितला. "हे निळं काय आहे?"

"कमोड."

त्यांनी काम थांबवलं. आता आमच्या घरात माणसं पाच आणि बाथरूम एकही नाही. जे होतं, त्यात पायरीएवढा खड्डा, अर्धी वीट-भिंत आणि सिमेंटच्या गोणीवर बसलेला पप्पू. मी ऑफिसात रडवेल्या चेहऱ्याने रजेचा अर्ज दिला. साहेबांनी कारण विचारलं, मी सांगितलं. त्यांनी पुढचं काही न विचारता सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा खांद्यावर टॉवेल टाकून जिन्यात उभे होते. नुसतेच उभे होते. जयंतीभाई दुधाची पिशवी घेऊन वर येत होते. ज्यांच्या छताला आम्ही ठिबक सिंचन केलं होतं, त्या माणसाने अप्पांचा हात धरला. "काका, हमारे यहाँ दो हैं. आप नीचे आ जाओ. अपना ही घर समझो."

अप्पांनी समजलं.

त्या दिवसापासून आमचं अख्खं घर बादल्या, साबण आणि कपडे घेऊन जिना उतरू लागलं. सासूबाई सकाळी आंघोळीला म्हणून जायच्या, त्या जयंतीभाईंच्या बायकोकडून, हंसाबेनकडून, ढोकळा शिकून दुपारी यायच्या. मंगेश लाजून ऑफिसमध्येच तोंड धुवायचा. आणि नेमका त्याच आठवड्यात फोन आला: रूपालीची आई बोरिवलीला नातेवाइकांकडे आलीय, जाता जाता डोकावते.

ती आली. हॉलभर सिमेंटची धूळ, सोफ्यावर चादर, चादरीवर पप्पूचं थापी-ओळंब्याचं सामान. सासूबाईंनी हात जोडले. "विहीणबाई, थोडे दिवस द्या. दुसरं बाथरूम होतंयच. तुमची अट आम्ही पाळणार."

"कसली अट?"

"काम उरकलं की कळवा म्हणालात ना."

रूपालीची आई सोफ्याच्या कडेला टेकली. "अहो, मला त्या दिवशी फक्त जायचं होतं. तुम्ही म्हणालात काम काढतोय, तर म्हटलं घरात राडारोडा असताना बोलणी नकोत, तुम्हालाच त्रास. आमच्याकडे अलिबागला सात माणसं आहेत आणि एकच आहे. तेही मागच्या अंगणात."

मी खड्ड्याकडे बघितलं. नितीनने माझ्याकडे बघितलं. पप्पूने विचारलं, "तो भाभी, बंद कर दें?"

तेवढ्यात दारात जयंतीभाई आले. "भाभी, काका अंदर हैं. दूसरे में आपके साहब के कपड़े भिगोए हैं. मेरे को दुकान जाने का है."

आता लादी फुटलेली होती, म्हणजे मागे फिरायची सोय नव्हती. सेक्रेटरींच्या हातापाया पडून परवानगी आणली, जयंतीभाईंचं छत आधी नीट करून दिलं, मग आमची भिंत उभी राहिली. लग्नाची बोलणी शेवटी हंसाबेनच्या हॉलमध्ये झाली. (अप्पा तिथे आधीपासूनच होते.) आणि लग्नाच्या आदल्या आठवड्यात पप्पूने दोन्ही दारं बसवली. आत जागा नसल्यामुळे दोन्ही बाहेर उघडणारी, आणि माझ्या नकाशाप्रमाणे एकमेकांना काटकोनात. कागदावर फार देखणी दिसत होती.

लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी मला पॅसेजमधून आवाज आला, लाकडावर लाकूड आपटल्याचा. जाऊन बघते तर दोन्ही दारं अर्धवट उघडून एकमेकांत अडकली होती. एका फटीतून अप्पांचं नाक दिसत होतं, दुसऱ्या फटीतून रूपालीच्या हातातला हिरवा चुडा.

"तू आधी ये, सूनबाई," अप्पा म्हणाले.

"नाही अप्पा, तुम्ही मोठे. तुम्ही आधी."

"अगं, मी मागे सरकू शकत नाही. मागे भिंत आहे."

"माझ्याही मागे तीच आहे."

नितीनने आणि मी मिळून एक दार लोटलं, दुसरं ओढलं, मंगेशने वरून बिजागरीत तेल सोडलं, आणि बऱ्याच खटपटीनंतर नवी नवरी ओल्या केसांनी, हळद लागलेल्या पायांनी बाहेर पडली. तिने दोन्ही दारांकडे शांतपणे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वहिनी," ती म्हणाली, "हा नकाशा कुणी काढला हो?"

"पप्पू मिस्त्रीने," मी म्हणाले.