चंद्रीच्या गोठ्यातली मराठी

फुलमनी आंदर मावळातल्या ठाकरवाडीत नांदायला आली, तेव्हा तिला मराठीतली दोनच वाक्यं येत होती. ‘रूम झाली’ आणि ‘पाणी गरम आहे.’ दोन्ही तिने लोणावळ्याच्या एका रिसॉर्टमध्ये खाटांवरच्या चादरी बदलता बदलता उचलली होती. ती झारखंडातल्या गुमल्याकडची. घरात कुडुख बोलायची, शाळेत हिंदी शिकली, बारावी पास झाली आणि चुलतबहिणीबरोबर कामाला इकडे आली. रिसॉर्टमधले पाहुणे तिचा चेहरा पाहून विचारायचे, ‘नेपाळ का?’ ती ‘झारखंड’ म्हणाली की ‘अच्छा अच्छा’ म्हणायचे. ते कुठे आहे हे दोघांपैकी एकालाच ठाऊक असायचं.

संदीप तिथेच बागेला पाणी घालायचा. त्याने काही न विचारता तिला रोज एक पेरू आणून दिला. पेरूचा हंगाम संपला तेव्हा लग्न ठरलं.

वाडीत आल्यावर बोलायचं कुणाशी, हा प्रश्न होता. संदीप पहाटे मोटरसायकलवरून लोणावळ्याला जायचा. सासरे शिदू दिवसाला चार शब्द बोलायचे, त्यातले दोन तंबाखूबद्दल. सासू सावित्राबाई माणसांशी मोजकं बोलायची, पण चंद्री म्हशीशी तिचा संवाद उजाडल्यापासून चालू असायचा. “उगी, उगी. शिंगं रोखू नको. पाय उचल. सर तिकडं. काल पोटभर खाल्लंस ना, मंग आज कशाला नखरं?” फुलमनी बादली धरून शेजारी बसायची आणि ऐकायची. सहा महिन्यांत तिला सगळं येऊ लागलं.

त्या दिवाळीत संदीपचा मामा केरबा आला. फुलमनीने चहा आणला, सतरंजी अंथरायला घेतली आणि मामा मधेच बसलेला पाहून म्हणाली, “सर तिकडं. पाय उचल. नखरं नको.”

मामाचा चहा धोतरावर सांडला. सावित्राबाई चुलीपाशी तोंडाला पदर लावून बसली.

“तिची चूक न्हाई, दादा,” हसू आवरल्यावर ती म्हणाली. “माजी हाय. म्या चंद्रीशीच बोलत बसले.”

दुसऱ्या दिवसापासून सावित्राबाई सुनेशी नीट बोलायला लागली. पण पाया घातला गेला होता. फुलमनीच्या मराठीत पुढे गाणी आली, शिव्या आल्या, शेतीचे सगळे शब्द आले, तरी कुणी हट्टाला पेटलं की तिच्या तोंडून गोठाच बाहेर पडायचा.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. तिची लेक रूपा चार वर्षांची झाली, वाडीतल्या अंगणवाडीत जायला लागली, आणि तिथल्या मदतनीस अंबूबाई निवृत्त झाल्या. त्या जागेसाठी बारावी पास बाई हवी होती, आणि गावातली म्हणजे स्थानिक रहिवासी हवी होती. फुलमनीने अर्ज केला. संदीपच्या एकट्याच्या कमाईत घर भागत नव्हतं. ही जागा मिळाली नाही तर तिला पुन्हा रिसॉर्टवर जावं लागणार होतं. तिथली पाळी रात्री उशिरा सुटायची, संदीप त्याआधीच परतायचा, आणि एसटी दिवसातून एकदा, म्हणजे आठवडाभर तिकडेच राहायचं आणि रूपाला रविवारी बघायचं.

खालच्या गावातल्या हौशीराम आबांनी आपल्या सुनेचा, अनिताचा अर्ज भरला आणि जोडीला एक तक्रारही दिली. ‘सदर महिला परप्रांतीय असून तिला येथील भाषा येत नाही.’

अनिता नळावर फुलमनीला भेटली. “म्या अर्ज केलेला न्हाई बरं का. मामंजींनी केलाय. मला वडगावला पार्लरचा क्लास लावायचाय.”

“मंग सांग की त्यांना.”

“तू सांगून बघ,” अनिता म्हणाली आणि हंडा उचलून गेली.

चौकशीला तालुक्याच्या बालविकास ऑफिसातून निर्मला मॅडम आल्या. त्या यवतमाळकडच्या. पुणे जिल्ह्यात बदली झाली तेव्हा ऑफिसातल्या बायका त्यांच्या ‘मले-तुले’ला तोंड लपवून हसायच्या, म्हणून मॅडम आता फार जपून, पुस्तकासारखं बोलत. अंगणवाडीच्या खोलीत सतरंजीवर सगळे बसले. निघताना सावित्राबाईने सुनेला बजावलं होतं, “कमी बोल. मॅडमम्होरं गोठा काढू नको.”

“आत्या, म्या गप बसते,” फुलमनीने शब्द दिला होता.

मॅडम म्हणाल्या, “तुम्ही इथे काय काम करता? तुम्हाला येतं तसं सांगा.”

फुलमनी म्हणाली, “उन्हाळ्यात राब भाजायचा. मिरगाला तरवा टाकायचा. पाणी साचलं की आवण. इरलं डोक्यावर घ्यायचं अन् दिसभर वाकायचं. तिकडं माज्या म्हायेरीबी भातच लावत्यात, नुसती नावं निराळी.”

मॅडमचं पेन थांबलं. “राब म्हणजे?”

फुलमनीला दुसरा शब्द सुचेना. राब म्हणजे राबच. हौशीराम आबांना राहवेना.

“राब म्हंजी, मॅडम, रोपाच्या जागंवर शेण, पाला, गवत पसरून जाळायचं. जमीन भाजली की रोप जोमात येतं.”

“आणि तरवा?”

“तेच रोप. भाताचं.”

“आवण?”

“ते रोप चिखलात लावायचं,” आबा आता सरसावून बसले. “आमच्याकडं असंच म्हणत्यात. अन् इरलं म्हंजी पानांचं, पावसाचं. पाठीवरनं घ्यायचं.” त्यांनी उठून, पाठ वाकवून दाखवलं. “पर राबाला पाला जास्ती लागतो, ते हिनं सांगितलं न्हाई.”

“माती जास्ती लागती, आबा,” फुलमनी म्हणाली. “वरनं माती नसली की राब धुमसत न्हाई, भडकतो. तुमचा औंदा भडकला व्हता. वाडीतनं दिसला.”

“माजा राब भडकला?” आबा उभेच राहिले. “अगं, वारं सुटलं व्हतं. चाळीस वर्सं राब भाजतोय म्या.”

“उगी, उगी,” फुलमनी म्हणाली. “शिंगं रोखू नको.”

सावित्राबाईने डोळे मिटून घेतले. फुलमनीला पुढचा रविवार दिसला, आणि त्यानंतरचे सगळे रविवार.

मग आबांचे खांदे हसण्याने हलायला लागले. “ही तर सावित्रा बोलली,” ते म्हणाले आणि डोळे पुसत खाली बसले. “तंतोतंत सावित्रा. मागं माजा बैल हिच्या दारात गेलता, तवा त्याला अशीच बोललेली.”

मॅडम लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी वाचून दाखवलं. “अर्जदार महिलेचे बोलणे समजून घेण्यासाठी तक्रारदारांची मदत घ्यावी लागली. तक्रारदारांना त्यांचे बोलणे पूर्णपणे समजते. बरोबर आहे ना, आबा? यात काही खोटं?”

आबांनी कागद दोनदा वाचला. खोटं काही सापडलं नाही. त्यांनी सही केली आणि आपली तक्रार आपणच खोडली हे मग उशिरा त्यांच्या लक्षात आलं, पण तोवर मॅडमनी कागद पिशवीत घातला होता. दारातून अनिता ते बघत होती. तिने तिथल्या तिथे फोन काढून वडगावच्या क्लासची वेळ विचारली.

महिन्याभराने फुलमनीला नेमणुकीचं पत्र आलं. पहिल्या दिवशी खाऊच्या वेळेला सतरा पोरं हात धुवायला एकदम नळावर धावली. “उगी, उगी. सर तिकडं. एकेक पाय उचल,” फुलमनी म्हणाली, आणि ओळ लागली. रूपा सगळ्यात पुढे उभी होती.

सावित्राबाई काहीतरी निमित्त काढून अंगणवाडीच्या कुंपणापाशी घुटमळत होती. तिने ते ऐकलं आणि काही न बोलता घरी गेली. सांजेला धार काढायला बसल्यावर मात्र चंद्रीला म्हणाली, “ऐकलंस का गं? तुजी भाषा सरकारात लागली. आता तरी पान्हा नीट सोड.”