चौदा नंबरचं मिनिट

निसारचाचांशी सायकलीच्या बाबतीत माझं कधी पटलं नाही. सातपूरला त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, मी अंबडच्या एका कारखान्यात चेकिंगला. पण जिल्ह्यात शर्यत असली की पंधरा वर्षं आम्ही दोघं एकाच टेबलापाशी. मी घड्याळ धरतो, ते सीट धरतात.

टाइम ट्रायलमध्ये सगळे एकदम सुटत नाहीत. दर मिनिटाला एक जण सुटतो आणि एकटाच घड्याळाशी झुंजतो. सुटताना त्याचे दोन्ही पाय पॅडलवर असतात, म्हणून मागून कुणीतरी सीट धरावी लागते. मी पाचपासून उलटं मोजतो, शून्याला चाचा बोटं उघडतात. ढकलायचं नाही, ओढायचं नाही.

एखादा खेळाडू आलाच नाही तर त्याचं मिनिट कापत नाहीत, रिकामं जाऊ देतात. त्या मिनिटात कुणीही शहाणा माणूस चहा पिईल. चाचा मात्र वाकून, सीटच्या उंचीला हात धरून उभे राहायचे, आणि शून्याला सोडायचे. "काय चाचा, हवा धरताय?" मी चिडवायचो. ते हसायचे नाहीत. मला वाटायचं, म्हातारा जरा सटकलाय.

भिकनमुळे सटकला असेल, असंही वाटायचं. भिकन दिंडोरीकडचा, बावीस वर्षांचा गडी, चाचांनीच तयार केलेला. त्याची सीट चाचाच धरायचे. अकरा वर्षांपूर्वी वणी रस्त्यावर शर्यत ठेवली, तेव्हा रस्ता चाचांनी मोजला. स्पोकला लाल चिंधी बांधायची आणि ती किती वेळा खाली येते ते मोजत जायचं, ही त्यांची पद्धत. दहा किलोमीटर नेमके एका उताराच्या तळाशी, आंधळ्या वळणापलीकडे भरले. तिथे ड्रम ठेवला. ड्रमला वळसा घालायचा आणि परत यायचं.

सुरुवात सहाशे मीटर मागे घेतली असती, तर ड्रम उताराच्या माथ्यावर आला असता. पण सुरुवातीला चहाची टपरी होती, लिंबाची सावली होती, टेबल टाकायला बरं होतं. आम्ही हललो नाही. शेतातून आलेला ट्रॅक्टर वळणावर आडवा होता. भिकन जागच्या जागी गेला. अंगात निळी जर्सी, नंबर चौदा.

यंदा राज्य अजिंक्यपदाच्या शर्यती नाशिकला आल्या आणि कोर्स ठरवायला बैठक बसली. बहुतेकांना वणी रस्ताच हवा होता, जुन्या मापाने. "सहाशे मीटर मागे सरका, ड्रम माथ्यावर ठेवा," चाचांचं एकच पालुपद.

मी उसळलो. माझी वेदिका एकोणीस वर्षांची, चणीने लहान. सपाट रस्त्यावर महागड्या सायकलवाल्या तिला मागे टाकतात, पण उतारावर ती सेकंद कमावते. राज्य संघातली तिची जागा त्या उतारावर ठरणार होती. "नुसतं नाकासमोर पळायचं तर रस्ता कशाला? घरात यंत्रावर बसा ना! ब्रेक कधी मारायचा हेही कसबच आहे."

"घड्याळाशी लावा शर्यत," चाचा म्हणाले. "त्या वळणाशी नका लावू. रस्ता बंद कराल, पोलीस उभे कराल. शेतातल्या ट्रॅक्टरला कोण सांगणार?"

हात वर झाले. चाचा एकटे पडले. निघताना मला म्हणाले, "सुनीलभाऊ, पोर तुझी आहे." माझं डोकंच फिरलं. आदल्या आठवड्यात असं अभद्र बोलतात का कुणी?

शर्यतीच्या दिवशी आठलाच लख्ख ऊन. सकाळी मुली, दुपारी पुरुष. वेदिकाचा नंबर पंधरा. चौदा नंबरची मुलगी तापामुळे आलीच नव्हती.

तिच्या मिनिटाला चाचा वाकले. मी सवयीने मोजायला लागलो. पाच, चार, तीन. तेव्हा मला त्यांचे हात दिसले. दंड ताठले होते, मनगटाच्या शिरा फुगल्या होत्या. जड माणूस तोलून धरावा तसे. शून्याला बोटं उघडली आणि ते एक पाऊल पुढे झोकांडले. रस्त्याकडेची धूळ सरळ रेषेत उठत पुढे गेली. वारा अजिबात नव्हता.

तरी मी पंधरा नंबर पुकारला, कारण घड्याळ थांबत नाही. खेळाडूशी कधीही न बोलणारे चाचा वेदिकाच्या कानाशी म्हणाले, "बेटा, पुढचा सांगेल ते ऐक."

ड्रमपाशी नंबर टिपायला धोंडीराम बसला होता. सतराएक मिनिटांनी त्याचा फोन आला. "तेरा वळली. चौदा वळला."

"अरे येड्या, चौदा सुटलीच नाही!"

"वळला ना भाऊ, निळी जर्सी. डोळ्यांनी पाह्यला. आता पंधरा... ए! ए! ट्रॅक्टर!"

फोन कटला. मी लावतोय, तो उचलत नाही. कोर्स मीच रेटला होता. लेकीला मी तिथे पाठवलं होतं. घड्याळातले आकडे मला दिसेनात.

वेदिका आली. धडधाकट आली. वेळेच्या यादीत अकरावी. निवड गेली होती, आणि मी सगळ्यांसमोर तिला कवटाळून ढसाढसा रडलो.

"बाबा, उतारावर माझ्या पुढे एक माणूस होता," ती म्हणाली. "जुनी सायकल, निळी जर्सी. त्याने मागे न बघता हात खाली-वर केला, हळू म्हणून. मी ब्रेक मारला. वळणापलीकडे ट्रॅक्टर आडवा! पण पुरुषांची शर्यत दुपारी ना?"

परतीच्या रस्त्यावर तो माणूस कुणालाच दिसला नाही.

चाचांनी एवढंच विचारलं, "हात कोणता केला?"

"डावा."

चाचांनी आपला डावा हात खाली-वर करून पाहिला. "उजवा ब्रेकवर ठेव, डाव्याने सांग. मीच शिकवलं होतं त्याला." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अकरा वर्षं येतोय, सुनील. प्रत्येक रिकाम्या मिनिटाला. वजन तेच."

पुढच्या बैठकीत मीच उभा राहिलो. कोर्स बदलला. महिन्याभराने जिल्ह्याची शर्यत झाली, तेव्हा टेबल सहाशे मीटर मागे, भर उन्हात होतं, आणि ड्रम माथ्यावर. नववी मुलगी आली नव्हती.

चाचा वाकले, हात धरला. मी मोजलं. पाच, चार, तीन, दोन, एक, शून्य.

त्यांनी बोटं उघडलीच नाहीत. हात हलकाच होता, ते मलाही दिसत होतं. दंडावर एक शीर उठली नव्हती. दहावी मुलगी सायकल घेऊन त्यांच्या शेजारी खोळंबली होती.

"एकदा परत मोज ना, भाऊ," चाचा म्हणाले. डोळे भरून आले होते.

नियमात बसत नव्हतं. मी परत पाचपासून मोजलं.