चिमूटभर मीठ

प्रयोग फसला की सरांचा चेहरा उजळायचा. टीव्हीवर विज्ञान सांगणारा दुसरा कुणी असता तर त्यानं घाम पुसला असता, कॅमेरा बंद करायची खूण केली असती. सर दोन्ही हात एकमेकांवर चोळायचे, थेट कॅमेऱ्यात बघायचे आणि तेलुगूत म्हणायचे, "मळ्ळी चेद्दाम!" म्हणजे, पुन्हा करू या. हैदराबादेत गल्लीत क्रिकेट खेळणारी पोरं त्रिफळा उडाला तरी बॅट सोडायची नाहीत. "मळ्ळी चेद्दाम" ओरडत तिथंच उभी राहायची. एवढा तो शब्द गाजला होता.

चॅनलवाल्यांना हे पसंत नसायचं. फसलेला भाग कापू या, असं तिथला निर्माता दर वेळी सुचवायचा. सर शांतपणे त्याला म्हणायचे, "कापा की. फक्त माझ्या जागी दुसरा माणूस बघा. फसलेलं कापलंत तर जमलेलं कोण खरं मानणार?" मी हे माझ्या कानांनी ऐकलं आहे, कारण त्यांच्या प्रयोगांचं सगळं सामान माझ्या दुकानातून जायचं आणि सामानाबरोबर मीही जायचो.

माझं दुकान हैदराबादेतल्या आबिड्सला आहे. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळांना लागणारं काचसामान मी विकतो. उदगीरहून आलो तेव्हा याच गल्लीत दुसऱ्याच्या दुकानात खोकी वाहत होतो. मला कुणी काही फुकट दिलेलं नाही आणि मीही कुणाला दिलेलं नाही. भाव करताना माझा आवाज चढतो, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

सर पहिल्यांदा आले तेव्हाही चढला होता. त्यांनी एक चंचुपात्र हातात घेतलं, उजेडात धरलं आणि विचारलं, "हे तापवलं तर तडकणार नाही ना?"

"साहेब, कंपनीचा माल आहे."

"कंपनी राहू द्या. बर्नर आहे का दुकानात? पेटवा."

मला राग आला. मी बर्नर पेटवला, पात्रात पाणी घातलं आणि ऐटीत वर ठेवलं. थोड्या वेळात ते बुडाशी तडकलं आणि पाणी टेबलभर झालं. माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. सर मात्र खूश! "छान! आता सांगा शेठजी, तुम्हाला कुणी फसवलं?" घाऊक व्यापाऱ्यानं मला साधी काच चांगली म्हणून गळ्यात बांधली होती. सर माझ्याबरोबर त्याच्या गोदामापर्यंत आले. मी भांडत होतो आणि ते कोपऱ्यात उभे राहून मजा बघत होते. त्या दिवसापासून माझ्या दुकानात आलेल्या प्रत्येक पेटीतला एक नग बर्नरवर चढतो. गिऱ्हाइकासमोर चढतो. माझं नाव झालं ते त्यामुळे, हे मी कधीच नाकारलेलं नाही.

सर काचीगुड्याच्या जुन्या मराठी घराण्यातले. आजोबा निजामाच्या काळात सरकारी नोकरीत, वडील शिक्षक, स्वतः कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. मराठी जुन्या वळणाचं, तेलुगू झकास, आणि चिडले की दखनी. मात्र चिडायचे क्वचित. त्यांना कुठलीही गोष्ट नुसती करता यायची नाही, ती समजावून सांगितल्याशिवाय चैन पडायचं नाही. चहात बिस्कीट बुडवलं की ते का मऊ पडतं, हे आधी यायचं. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणायच्या, "यांच्याबरोबर गरम चहा कुणी प्यायलाय का? चहा गार कसा होतो ते सांगेपर्यंत तो होतोच गार." सर हसायचे आणि म्हणायचे, "बघ, सिद्ध झालं."

एकदा काचेच्या हंडीत घंटा ठेवून आतली हवा काढायची होती. हवा गेली की घंटेचा आवाज यायचा थांबतो, असा तो प्रयोग. पंप चालू होता, घंटा हलत होती आणि आवाजही खणखणीत येत होता. निर्मात्यानं कपाळावर हात मारला. सरांनी कॅमेरा तसाच चालू ठेवला, मला हाताला धरून पुढं ओढलं आणि प्रेक्षकांना सांगितलं, "हे माझे सहकारी दिगंबरराव. आता आम्ही दोघं मिळून हवा कुठून आत शिरते ते शोधणार." मग मी साबणाचं पाणी लावत गेलो, ते बुडबुडे दाखवत गेले. सगळा भाग त्यातच संपला. माझ्या बायकोनं अख्ख्या उदगीरला फोन केले. मी दुकानदार खरा, पण त्या दिवशी सहकारी झालो. माझ्यासारख्या माणसाला तो शब्द किती पुरतो, ते शिकलेल्यांना कळायचं नाही.

आणखी एक भाग मला सांगायलाच हवा. वहिनींच्या दारात पाण्याचं यंत्र विकणारा पोरगा आला होता. त्यानं त्यांच्या माठातलं पाणी एका ग्लासात आणि आपल्या यंत्रातलं दुसऱ्या ग्लासात घेतलं. दोन्हींत सळया बुडवून वीज सोडली. माठाचं पाणी तपकिरी झालं, वर गाळ आला. यंत्राचं तसंच नितळ राहिलं. वहिनींनी घाबरून माठ अंगणात उपडा केला. सर धावत दुकानात आले. "दिगंबर, लोखंडी सळया काढ!" पुढच्या भागात त्यांनी सगळं उघडं केलं. तो गाळ पाण्यातला नसतोच, लोखंडी सळई झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. यंत्राच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून त्यातून वीज नीट जात नाही आणि ते नितळ राहतं. मग त्यांनी त्या नितळ पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं. बघता बघता तेही गटारासारखं झालं. "मिठानं पाणी विषारी झालं म्हणता? मग वरणात काय घालता?" स्टुडिओतली पोरं टाळ्या पिटत होती आणि वहिनी घरी बसून माठावर हळहळत होत्या.

पुढं चॅनलचे मालक बदलले. सरांचा कार्यक्रम आधी पहाटेवर ढकलला, मग बंद केला. त्या वेळेला एक माणूस नशिबासाठी अंगठीत कुठला खडा घालावा ते सांगू लागला. सर आणखी काही ठिकाणी भेटून आले. सगळ्यांना तरुण चेहरा हवा होता. काचीगुड्याचं घर सोडून ते मुलाकडे कुकटपल्लीला राहायला गेले. दुकानात येणं कमी झालं. आले तरी चहा गरम असतानाच पिऊन टाकायचे. ते मला खटकलं होतं, पण वय झालं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

माझ्या मुलाचा फ्लॅटही कुकटपल्लीलाच आहे, आम्ही आता तिथं राहतो. एक दिवस सोसायटीचा सेक्रेटरी मला लिफ्टपाशी भेटला. रविवारी हॉलमध्ये टीव्हीवाले सर पाण्याबद्दल बोलणार आहेत, एक कंपनी त्यांना घेऊन येते आहे, असं त्यानं सांगितलं. "सेठ, तुम तो पहचानते ना उनको? भरोसे का आदमी है ना?"

मी छाती पुढं काढून म्हणालो, "मेरी गॅरंटी. आँख मूंद के सुनो." मग मीच दारोदार फिरलो. ज्यांच्याशी पार्किंगवरून भांडलो होतो त्यांनाही बोलावलं. हॉल भरला तो माझ्या शब्दावर.

सर आले. पांढरा कोट घातला होता. टीव्हीवर त्यांनी तो कधी घातला नव्हता. वहिनी पहिल्या रांगेत बसल्या. कंपनीच्या पोरानं टेबलावर दोन ग्लास मांडले आणि सळया काढल्या. मी त्या लांबूनच ओळखल्या. बायकोला कोपरानं ढोसलं. "बघ आता गंमत. सर या कंपनीवाल्याला त्याच्याच टेबलावर उघडा पाडणार."

नळाचं पाणी तपकिरी झालं. हॉलमध्ये बायकांनी तोंडावर पदर घेतले. मी मिठाची वाट बघत होतो. सरांनी ग्लास उचलला, वर धरला आणि त्याच जुन्या, गोड आवाजात म्हणाले, "हे तुम्ही रोज पिता. हे तुमची मुलं पितात."

आणि ग्लास खाली ठेवला.

मला वाटलं, ते विसरले. खरंच तसं वाटलं. मी उभा राहून म्हणालो, "सर, मीठ राहिलं. त्या दुसऱ्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. विसरलेले नव्हते. वहिनींनी मान खाली घातली, तेवढ्यावरून मला कळलं. मग सर हॉलकडे वळून हसले. "हे दिगंबरराव. यांचं आबिड्सला दुकान आहे. काचसामान विकतात. उद्या पाण्याची यंत्रंही विकायची असतील, म्हणून आमच्या पाण्यात मीठ घालायला निघालेत. धंद्यात हे चालायचंच."

हॉल हसला. माझे शेजारी हसले. आणि माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, स्वयंपाकघरातून मीठ आणतो म्हणालो, टेबलाकडे निघालो. सेक्रेटरीनं माझा दंड धरला. "नक्को सेठ, नक्को. इत्ते बड़े आदमी हैं, इज्जत से बात करो." मी जितका ओरडत गेलो तितके सर शांत होत गेले, आणि शांत माणूस खरा वाटतो. लोकांनी तिथंच यंत्रासाठी नावं नोंदवली. दुसऱ्या दिवसापासून मी सळया आणि मीठ घेऊन घरोघर प्रयोग दाखवला. काहींनी बघितला. बहुतेकांनी दारातूनच वाटेला लावलं. यंत्र भिंतीला लागल्यावर आपण फसलो हे कुणाला ऐकायचं असतं? एका बाईनं तर तोंडावर विचारलं, "अंकल, गॅरंटी तो आपइच दिए थे ना?"

काही दिवसांनी सर दुकानात आले. मी खुर्ची दिली. बोलणार नव्हतो, पण बोललो.

"मला दुकानदार म्हणालात."

"आहेसच की तू, दिगंबर. त्यात लाज कसली?"

"आधी काय म्हणायचात?"

ते बाहेरच्या रस्त्याकडे बघत म्हणाले, "कार्यक्रम बंद झाल्यावर फोन वाजायचा थांबला. भाजीवालासुद्धा ओळखेना. या लोकांनी पुन्हा माईक दिला. हॉल भरून माणसं समोर बसली, तू बघितलंस ना? आणि यंत्र काही वाईट नाही. पाणी गाळतंच ते."

"मग तसंच सांगा. घाबरवता कशाला?"

"घाबरल्याशिवाय कुणी ऐकत नाही आता. टाळ्या वाजवणारी पोरं मोठी झाली, अमेरिकेला गेली."

मी माझी अट सांगितली. सौदा करणं मला येतं, माफ करणं येत नाही. "एकच रविवार. तोच हॉल, तीच माणसं. तुमच्या हातानं मीठ टाका. बाकी काही बोलू नका. मी सगळं विसरतो."

"करार आहे रे त्यांच्याशी."

"मग करारवाल्यांच्या दुकानात बसा."

माझा आवाज गल्लीभर गेला असणार, कारण समोरचा घड्याळवाला बाहेर आला. सर उठले. पायरी उतरताना त्यांचा हात आधार शोधत होता. मी जागेवरून हललो नाही. अजूनही मला वाटतं, बरोबर केलं. सौदा फसवून मोडणारे मी खूप पाहिले. ते परके होते. त्यांना मी दुसऱ्या दिवशी विसरलो. या माणसानं मला शिकवलं होतं की कुणाच्या शब्दावर जाऊ नकोस, बर्नर पेटव. मी सगळ्या जगाला बर्नरवर चढवलं आणि सरांना तेवढं सोडलं.

ते परत आले नाहीत. वहिनी एकदा भाजी घेताना दिसल्या. त्यांनी मला बघितलं आणि दुसऱ्या गाडीकडे वळल्या.

परवा सिकंदराबादच्या एका शाळेतली तरुण बाई परीक्षानळ्या घ्यायला आली. विज्ञान शिकवते. मी नेहमीप्रमाणे एक नळी ज्योतीवर धरली, तशी ती हसली. "अंकल, वो टीवी वाले सर यहींच आते थे ना? मैं उनकोच देख के साइंस ली. अम्मा डॉक्टर बनो बोलती थी, मैं नक्को बोल दी. मेरी क्लास में एक्सपेरिमेंट फेल होता ना, बच्चे खुश होते."

मी नळी खाली ठेवली. तिला सगळं सांगावं असं फार वाटलं. हॉल, सळया, दुकानदार, सगळं.

"एक बात पूछूं?" ती म्हणाली. "टीवी पे जैसे दिखते थे, असल में भी वैसेइच थे क्या?"

मी जे बोलेन ते ही बाई उद्या जाऊन वर्गातल्या पोरांना सांगणार होती.

"यहाँ आते थे," मी म्हणालो, "तब वैसेइच थे."