निळ्या फितीचा इड्वल

इड्वल प्रॉबर्टचा बाप कोळशाच्या धुळीने खोकत खोकत गेला. त्याच दिवशी इड्वलने खाण सोडली, खिळेमोळ्यांचं दुकान टाकलं आणि पुढे कोटावर निळी फीत लावून हुजूर पक्षाचा झाला. माणसाने स्वतःच्या पायावर उभं राहावं, हे त्या पक्षाचं बोलणं त्याला मनापासून पटलं होतं. कोळसाखाणींची ती अख्खी दरी मजूर पक्षाची. तो तीनदा उभा राहिला, तीनदा सपाटून पडला. लोक हसायचे, पण खिळे त्याच्याकडूनच घ्यायचे.

मग संप झाला, फसला, आणि सरकारने खाण बंद करायचं ठरवलं. सरकार इड्वलच्याच पक्षाचं. गिऱ्हाईक तुटलं. काचेवर कुणीतरी थुंकून गेलं. धाकटा भाऊ गेथिन त्याच खाणीत होता.

इड्वल लंडनला गेला. पक्षाच्या साहेबांपुढे त्याने अक्षरशः हात जोडले. "निदान दोन वर्षं थांबा, साहेब. माणसं कुठे जातील?"

साहेब हसले. "प्रॉबर्ट, ती जागा आपण कधी जिंकलोय का? मग तिच्यासाठी जीव का काढायचा?"

परत आल्यावर त्याने गेथिनला सगळं सांगितलं.

"आता तरी ती निळी फीत काढशील ना, दादा?"

"मीही सोडलं, तर त्या पक्षात आपल्या दरीचं नाव काढणारं कोण उरेल?"

"आजवर काढून काय झालं?"

तरी इड्वल चौथ्यांदा उभा राहिला. दारं तोंडावर आपटली गेली. निकालाच्या सभागृहात त्याच्या मतांचा आकडा वाचला गेला, तेव्हा कुणी हुर्यो उडवली नाही की हसलंही नाही. ती शांतता त्याला सोसवेना. तो मागच्या दाराने बाहेर पडला.

खाण बंद झाली आणि गेथिन बायकापोरं घेऊन इंग्लंडात कामाला निघाला. गाडीत बसताना म्हणाला, "दादा, पुन्हा उभा राहू नकोस. आता तुला शिव्या घालायला मीसुद्धा नाही." इड्वलने गाडीचं दार लावून दिलं.

दुकान त्याच हिवाळ्यात बसलं. पुढच्या निवडणुकीत पक्षाने कार्डिफच्या एका तरुण वकिलाला उभं केलं आणि इड्वलला पत्रकं वाटायला सांगितलं. तो कोट चढवू लागला.

"इतकं होऊनही जातोस?" बायकोने, नेस्टाने विचारलं.

"न जाऊन करू काय, नेस्टा?" तो म्हणाला. "दुसरं मला काही येतच नाही गं."