शुक्रवारी बाजार भरत नाही

एप्रिलची सात तारीख, सोमवार. हरकती संपवायच्या होत्या. एकूण एकोणीस आल्या होत्या आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझ्या अठरा निकालात निघाल्या होत्या.

आमची संस्था जळगाव आणि धुळे अशा दोन्ही जिल्ह्यांत शाळा चालवते. आठवीसाठी आमच्या जळगावच्या शाळेत संस्थेचा एक निवासी वर्ग आहे. तिथे राहायची, जेवायची आणि चांगल्या शिकवण्याची सोय होते. जागा वीस. त्यासाठी सातवीच्या मुलांची परीक्षा घेतात. पर्यायी उत्तरांचा पेपर, उत्तराचा गोल काळा करायचा. परीक्षा झाली की कच्ची उत्तरसूची लावतात आणि तीन दिवस हरकती मागवतात. एखादं उत्तर चुकलंय असं वाटलं तर पालकांनी किंवा मुलांनी लेखी कळवायचं. गणिताच्या हरकती माझ्याकडे येतात.

बहुतेक हरकतींना फार वेळ लागत नाही. एका वडिलांनी लिहिलं होतं, प्रश्न बारा फार अवघड आहे. अवघड असणं ही हरकत होत नाही. एका आईचं म्हणणं होतं की मुलाला उत्तर येत होतं, पण पेन घसरलं. एका क्लासवाल्यांनी सहा हरकती शिक्का मारून पाठवल्या होत्या. सहाही चुकीच्या, पण शिक्का मात्र ठळक.

एकोणिसावी हरकत वहीच्या पानावर होती. दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यातल्या शाळेमार्फत आलेली. अक्षर मुलीचं वाटत होतं. मजकूर एवढाच:

"प्रश्न ३७. उत्तर २५ तारीख दिले आहे. आमच्या गावाचा बाजार मंगळवारी असतो. १ तारखेला मंगळवार असेल तर २५ तारखेला शुक्रवार येतो. शुक्रवारी बाजार भरत नाही. तरी कृपया तपासावे."

मी पेपर काढला. सदतिसावा प्रश्न असा होता: एका गावात दर आठ दिवसांनी बाजार भरतो आणि दोन दिवसाआड नळाला पाणी येते. १ तारखेला बाजार व पाणी एकाच दिवशी आले. तर यानंतर दोन्ही एकाच दिवशी कोणत्या तारखेला येतील? पर्याय: ९, १५, २२, २५.

प्रश्न लसाविचा आहे. दोन संख्यांनी भाग जाईल अशी सगळ्यांत लहान संख्या, म्हणजे लसावि. बाजाराचे आठ. दोन दिवसाआड म्हणजे मधले दोन सोडून तिसऱ्या दिवशी, म्हणून पाण्याचे तीन. आठ आणि तीनचा लसावि चोवीस. एक तारखेत चोवीस मिळवले की पंचवीस. मी हे मार्च महिन्यात अर्ध्या मिनिटात केलं होतं आणि पुढे बरोबरची खूण केली होती.

कारण या पेपरची मॉडरेटर मीच होते.

पेपर कसा निघतो ते थोडक्यात सांगते. एक जण पेपर काढतो, त्याला सेटर म्हणतात. आधी त्याला संविधान तक्ता भरावा लागतो. कोणत्या धड्यावर किती मार्क, किती प्रश्न सोपे, किती अवघड, किती रोजच्या व्यवहाराशी जोडलेले, हे त्या तक्त्यात असतं. मग पेपर लाख लावलेल्या पाकिटातून मॉडरेटरकडे येतो. मॉडरेटरने एकटीने बसून प्रत्येक प्रश्न सोडवायचा, घड्याळ लावून. चुका काढायच्या, सही करायची, पाकीट पुन्हा बंद. पेपर फुटू नये म्हणून तिसऱ्या माणसाला तो दिसत नाही. पद्धत चांगली आहे. तिच्यात खोट एवढीच की पेपर बघणारे दोघेही गणितवाले असतात.

मी शिक्षकांच्या खोलीत गेले आणि प्रश्न मोठ्याने वाचून दाखवला. परीक्षा होऊन गेली होती, गुपित काही उरलं नव्हतं. मराठीच्या वैशाली मॅडम म्हणाल्या बावीस. आठ दिवसांनी म्हणजे पुढच्या आठवड्यात त्याच वारी, म्हणून सात. आणि सात त्रिक एकवीस. खेळाचे पवार सर म्हणाले पंधरा. बाजाराचे सात त्यांनाही मान्य, पण पाण्याचे दोन. त्यांच्या कॉलनीत लोक दोन दिवसाआड म्हणतात आणि पाणी एक दिवस सोडून येतं. वैशाली मॅडमनी त्यांना 'आड' या शब्दावर पाच मिनिटं ऐकवलं. ते ऐकून पवार सरांनी उत्तर बदललं नाही. इंग्रजी माध्यमातून आलेली विज्ञानाची नवी मॅडम म्हणाली नऊ. तिने आठ आणि दोन या आकड्यांकडे बघून आठ हा लसावि काढला होता. बाकी मराठी तिने वाचलंच नव्हतं, असं तिनेच हसत सांगितलं.

माझं उत्तर पंचवीस. चार माणसं, चार उत्तरं, आणि चारही पेपरात छापलेली.

यात योगायोग नव्हता. चुकीचे पर्याय कुणी वाटेल ते देत नाही. मुलं जिथे घसरतील असं सेटरला वाटतं, तीच उत्तरं तो पर्यायांत ठेवतो. म्हणजे आमच्या सेटरला हे चारही अर्थ ठाऊक होते. त्यातले तीन त्यांनी चूक ठरवले होते, इतकंच.

क्लार्क दिलीपकडे मी हरकतीवर मुलीचा परीक्षा क्रमांक नोंदवायला गेले. त्याने संगणकावर कच्ची यादी उघडली आणि मी न विचारता सांगितलं, "मॅडम, ही मुलगी एकविसावी आहे. एका मार्काने." सदतिसावा प्रश्न दोन मार्कांचा होता. तिने बावीसचा गोल केला होता.

मला हे कळायला नको होतं. कळलं. मग मी हरकतीच्या कागदावर वेळ लिहून ठेवली आणि त्याखाली नोंद केली की प्रश्न सदोष असल्याचं माझं मत यादी बघण्याआधीचं आहे. अशा नोंदी करून ठेवाव्यात. पुढे कामाला येतात.

परीक्षा प्रमुख चौधरी सर आमचे मुख्याध्यापक. ते म्हणाले, "अठरा फेटाळल्या ना? मग एकोणिसावीही फेटाळा. मंगळवारी पाच वाजता पक्की यादी लावायची आहे."

मी म्हटलं प्रश्न रद्द करावा लागेल, सगळ्यांना दोन-दोन मार्क द्यावे लागतील.

"सेटर कोण आहे माहीत आहे ना?"

माहीत होतं. सेटर म्हणजे धुळ्याचे नाना. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी संस्थेचा गणिताचा पेपर तेच काढतात. मी नोकरीला लागले तेव्हा ते आमच्या शाखेत होते. फळ्यावर वर्तुळ हाताने काढायचे आणि ते वर्तुळच यायचं. त्यांच्या पेपरातला एकही प्रश्न आजवर रद्द झालेला नव्हता आणि हे ते दर समारंभात सांगत.

चौधरी सर म्हणाले, "त्यांची लेखी संमती आणा. मग करतो. नाहीतर तुमची सही आहेच पेपरवर, तुम्हीच उत्तर द्या."

फोन करून उपयोग नव्हता. पेपरबद्दल फोनवर बोलायचं नाही हा नानांचा जुना नियम. मंगळवारी सकाळी घरून, पिंप्राळ्याहून, रिक्षाने जळगाव स्टँडवर गेले, साडेसहाची एसटी धरली आणि पावणेदहाला नानांच्या ओट्यावर होते.

नाना खुशीत दिसले. चहा झाला. मी विषय काढल्यावर खुशी निम्म्यावर आली.

"कोणी घेतली हरकत? क्लासवाल्यांनी?"

"सातवीतल्या मुलीने."

त्यांनी वहीचं पान हातात घेतलं, लांब धरलं, जवळ आणलं आणि मला परत दिलं. वाचा म्हणाले. मी मुलीचा मजकूर वाचला, मग प्रश्नही वाचला. ते डोळे मिटून ऐकत होते.

"यात चूक कुठे आहे, बाई? गणितात आठ म्हणजे आठ. लोक काय बोलतात त्याच्याशी आपल्याला काय करायचंय?"

"मग बाजार कशाला आणलात, नाना? सरळ आठ आणि तीनचा लसावि काढा असं विचारायचं."

"तसं विचारलं की तुम्हीच म्हणता, घोकंपट्टी झाली. व्यवहाराशी जोड पाहिजे. तक्त्यात तसा रकाना आहे. म्हणून जोडला बाजार."

"जोडला, पण आपल्या आकड्याला पाहिजे त्या दिवशी भरवला."

यावर त्यांनी मला सेटरच्या जबाबदारीबद्दल बरंच ऐकवलं. वाचणाऱ्याने नीट वाचलं नाही तर प्रश्न चुकीचा ठरत नाही. उद्या कुणी म्हणेल आमच्याकडे डझनात तेरा देतात. मी ऐकून घेतलं, कारण त्यातलं थोडं खरं होतं. शेवटी म्हणाले, "द्या तो पेपर इकडे, मी स्वतः बघतो." पुन्हा कागद लांब धरला आणि वैतागले.

"हा जुना चष्मा काही कामाचा नाही. नवा टाकलाय चौकातल्या दुकानात. आठ दिवसांनी या म्हणाला. काल माणूस पाठवला तर म्हणे उद्या. आता आज जातो."

मी विचारलं, "टाकला कधी?"

"मागच्या मंगळवारी."

आज मंगळवार होता. नानांनी कागद खाली ठेवला. आतून त्यांच्या पत्नी, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो, कपबश्या उचलायला आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

अक्का अहिराणीत म्हणाल्या, "तुमले बठ्ठं गणित येस, पन बाजार करता येस नई. चाळीस वर्षं पिशवी मीच धरस."

सगळं गणित येणारे नाना हसायला लागले. हसताना त्यांना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. मग म्हणाले, गणिताच्या हिशेबाने चष्मा उद्या मिळायला हवा. दुकानदाराशी उगाच भांडायला निघालो होतो.

पत्र लिहिताना मात्र पुन्हा अर्धा तास गेला. चौधरी सरांनी मसुदा दिला होता, त्यात 'प्रश्न चुकीचा आहे' असं होतं. नाना म्हणाले, चुकीचा नाही. मी म्हटलं, मग संदिग्ध लिहा. ते म्हणाले, संदिग्ध म्हणजे दोन अर्थ, इथे चार आहेत. लिहायचं तर नीट लिहायचं. शेवटी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: "प्रश्न ३७ च्या भाषेतून चार वेगळे अर्थ निघतात व चारही पर्याय बरोबर ठरतात. प्रश्न रद्द करावा. दोष माझा." मी म्हटलं, दोष दोघांचा. त्याखाली मी माझी ओळ घातली: "मॉडरेटर म्हणून मी हा प्रश्न सोडवून पाहिला, वाचून पाहिला नाही." दोघांच्या सह्या झाल्या. इतक्या वर्षांत त्यांचा पहिला रद्द प्रश्न. मला वाटलं होतं त्यांना फार लागेल. ते चप्पल घालून माझ्याबरोबर चौकापर्यंत आले, चष्म्याच्या दुकानात शिरले आणि तिथूनच हात केला.

चार वाजता मी पत्र चौधरी सरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "नानांनी स्वतः लिहिलं?" मी हो म्हटलं. त्यांनी दिलीपला बोलावलं. दिलीपने सदतिसाव्या प्रश्नाचे दोन मार्क सगळ्यांना दिले आणि यादी पुन्हा काढली. ज्यांनी पंचवीसचा गोल केला होता त्यांना ते आधीच मिळालेले होते, बाकीच्यांचे वाढले. दोंडाईच्याकडची मुलगी अठरावी आली.

वीस जागांत एक आत आला की एक बाहेर जातो. कच्च्या यादीत विसावा असलेला चोपड्याकडचा एक मुलगा एकविसावा झाला. कच्ची यादी बाहेर लागलेली नव्हती, त्यामुळे हे त्याला कळलं नाही. मला आणि दिलीपला कळलं. त्या मुलाने पंचवीस लिहिलं होतं. त्याचीही चूक नव्हती. मी चौधरी सरांना सांगितलं, कुणी जागा सोडली तर पहिला फोन त्याला करा. त्यांनी तसं लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, शाळा भरायच्या आधी मी मुलीच्या अर्जावरच्या नंबरला फोन केला. तिच्या आजोबांनी उचलला. निवड झाली म्हटल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "पक्कं शे का?" मी म्हटलं, आबा, पक्कं आहे, यादी लागली आहे. त्यांनी फोन नातीकडे दिला.

तिने आभार वगैरे मानले नाहीत. तिचा प्रश्न वेगळाच होता. "मॅडम, मग बरोबर उत्तर कोणतं होतं?"

मी म्हटलं, चारही.

ती म्हणाली, "म्हणजे मीच बरोबर होते असं नाही."

मी म्हटलं, तू बरोबर होतीस. प्रश्न बरोबर नव्हता. हे तिला कितपत पटलं सांगता येत नाही. जूनमध्ये ती माझ्याच वर्गात येईल, तेव्हा पुन्हा विचारेल.

फोन ठेवला आणि कपाटातून नववीच्या वार्षिक परीक्षेचा पेपर काढला. तो मी काढलेला होता आणि दुपारी छपाईला जायचा होता. मॉडरेटरची सही झालेली होती. आमचे शिपाई सुरेशभाऊ गुप्ततेच्या कागदावर माझ्याप्रमाणेच सही करतात, पेपरांची पाकिटं वर्षानुवर्षं तेच सांभाळतात. त्यांना समोर बसवलं, दार लावलं आणि सगळे प्रश्न एकेक करून मोठ्याने वाचले. सोडवू नका, म्हटलं, काय विचारलंय तेवढं तुमच्या शब्दांत सांगा. त्यांनी मला चार ठिकाणी अडवलं. तीन ठिकाणी माझी भाषा गोंधळाची होती, ते प्रश्न बदलले. चौथा प्रश्न स्वच्छ होता, ऐकण्यात त्यांची चूक झाली होती. तोही बदलला.