रुईचा नवरदेव

ती घटना आजही आठवली की मला हसू येतं, आणि खरं सांगायचं तर जरा लाजही वाटते. इंग्रजी अमदानीत मी मालेगावच्या ठाण्यात फौजदार होतो. ऐन उन्हाळ्यात, सोमवारी सकाळची हजेरी चालू असतानाच एक माळीण आत शिरली. विधवा बाई. शनिवारी दुपारी तिचे मोटेचे दोन्ही बैल चोरीला गेले होते.

“साहेब, चार दिसांत बैल नाई भेटले तं वांग्याचा मळा वाळते. मंग मी काय माती खाऊ?”

दुपारी बांगड्या विकत फिरणाऱ्या एका मणियाराने खबर दिली. तसलेच बैल हाकताना त्याने शनिवारी गावातल्या एका बड्या असामीला पाहिलं होतं. असामीला ठाण्यात बोलावलं, तर तो मिशीवर ताव देत म्हणाला, “शनवारी तं माह्यं लगन होतं, रुईसंगं!”

त्याच्या दोन बायका वारल्या होत्या. तिसरी जगत नाही म्हणून तिसरं लग्न रुईच्या झुडपाशी लावायचं आणि खरी नवरी चौथी म्हणून आणायची, ही आपल्याकडची जुनी रीत. भटजी परगावी गेलेले. पण त्याने शेतात नेऊन झुडूप दाखवलं. त्याला गुंडाळलेलं लग्नाचं सूत पांढरंशुभ्र, हळद ताजी. झालं! पंचनाम्यात ‘रुईचे एक झाड’ लिहून मी त्याला सोडणारच होतो.

माळीण आमच्या मागोमाग आली होती. दर शनिवारी मारुतीसाठी रुईच्या माळा ओवणारी ती. तिने एक फूल तोडून माझ्या नाकाशी धरलं.

“साहेब, हे लहान रुई हाये. पाकळ्या उभ्या, वाटीवानी, टोकं जांभळे, अन् वास येते. लगनाले, मारोतीले आमच्या इकडं मोठी रुई लागते. तिच्या पाकळ्या पसरट, चांदणीवानी. कोणता भटजी इले सूत गुंडाळन?”

असामी खेकसला, “रुई ते रुई! कायले फरक काढून राह्यली?”

“कायले म्हन्जे? नवरदेवा, सोताची बायको तुले ओळखू येऊन नाई राह्यली!”

जमादारसुद्धा खो खो हसला. मी शिपायांना सगळे बांध धुंडाळायला लावले. नाल्याकाठी मोठी रुई सापडली. तिच्यावरचं सूत मळलेलं, हळद केव्हाच उडालेली. लग्न झालं होतं खरं, पण पंधरवड्यापूर्वी.

“मग ही दुसरी कोण रे?” मी विचारलं. मग त्याने सगळं सांगून टाकलं. शनिवारचा पुरावा म्हणून तो सूत नवं करायला आला होता आणि भलत्याच झुडपाला गुंडाळून गेला होता. होणाऱ्या सासऱ्याला त्याने बैलजोडी कबूल केली होती. बैल इंझोरीला त्याच सासऱ्याच्या गोठ्यात सापडले.

बुधवारी मोट चालू झाली. पाणी वांग्यांपर्यंत पोचलं तशी ती बाई बैलाच्या गळ्यात पडून रडली. असा आनंद मला पुढे बढती मिळाली तेव्हाही झाला नाही.

वर्दी अंगात चढली की सगळं कळतं, असा माझा समज होता. तो त्या बांधावर उतरला. ज्याचं काम त्यालाच विचारावं, हे मी तिथे शिकलो. पंचनाम्यात दोन्ही रुयांची ओळख मी तिच्याच शब्दांत लिहिली. जिल्ह्याच्या साहेबांनी कागद वाचून विचारलं, “हा झाडांचा विद्वान कोणत्या कॉलेजात शिकवतो?”

म्हटलं, “साहेब, बाजारात वांगी विकते.”